ज्याचा पाला त्याला

तीस एप्रिल एकोणीसशे साठ. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र राज्य जन्माला यायचं होतं आणि त्याआधी परळच्या आमच्या चाळीचं अंगण झाडून व्हायचं होतं. पहिलं काम थोरामोठ्यांनी पार पाडलं. दुसरं माझ्याकडे होतं आणि ते जास्त अवघड होतं, कारण अंगणात मामा होते. माझ्या धाकट्या जावेचे हे मामा. केरसुणीशी इतकं उघड वैर धरणारा माणूस मुंबईत दुसरा झाला नसेल.

मामांची सगळी नोकरी डांगच्या जंगलात, सागाच्या लागवडीवर देखरेख करण्यात गेली. पेन्शन घेऊन भाचीकडे राहायला आले आणि महिन्याभरात त्यांनी अंगणाच्या कडेला पाच करंज लावले. त्याला कोणाची हरकत नव्हती. हरकत होती पाल्याला. पान जिथे पडलं तिथेच कुजलं पाहिजे, हा मामांचा कायदा. साहेबाच्या हुकमाने आम्ही सागाखालचा पाला दरसाल जाळला आणि त्याच जागेवरचा पुढचा साग किडकिडीत निघाला, ही हकिगत ते दूधवाल्यालाही थांबवून सांगत. झाड जमिनीकडून घेतं ते पानांतून परत करतं, मध्ये हात घालील तो चोर. या न्यायाने चाळीतली सर्वांत मोठी चोर मी. होळीसाठी मंडळी पाला मागायला आली, तेव्हा मामांनी त्यांना आपल्या खाटेच्या फळ्या काढून दिल्या आणि पावसाळ्यापर्यंत जमिनीवर झोपले. मोर्चाहून घसा बसवून परतणाऱ्या गिरणीवाल्यांना ते फाटकात गाठत आणि सांगत, मुंबई कोणाची ते ठरेल तेव्हा ठरेल, पाला झाडाचा हे ठरलेलं आहे. करंज मात्र फोफावले, हे खरं. चाळीची मोरी त्यांच्या मुळाशीच फुटली होती, पण मामांनी तिला कधी श्रेय दिलं नाही.

तर नव्या राज्यानिमित्तच्या पूजेचा मांडव करंजांखालीच पडायचा होता आणि तिथे घोटाभर पाला. मी तो झाडून ढीग केला, मांडववाल्याने काडेपेटी काढली, आणि मामा येऊन ढिगावर मांडी घालून बसले. चाळीचे चिटणीस म्हणाले, "अहो मामा, राज्य येतंय आणि तुम्ही कचरा राखत बसलाय?"

"गेली चार वर्षं काय ओरडत होता?" मामा म्हणाले. "ज्याचं त्याला द्या, एवढंच ना? मग या झाडांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

मला वेळ नव्हता. मी सुचवलं, पाला गोणपाटांत भरू, पूजा होईपर्यंत माझ्या गॅलरीत ठेवू, मग परत पसरू. मामा कबूल झाले, पण पाच झाडांची पाच वेगळी गोणपाटं हवीत. एकाचा पाला दुसऱ्याला जाता कामा नये. वाऱ्याने तो कधीच एक केला असेल, असं मी म्हटलं. "वाऱ्याचं वारा बघेल, बाई. आपण आपल्या हाताचं बघावं." मग पाच वेळा भरलं.

संध्याकाळी शेजारच्या विमलने मांडवासमोर नव्या राज्याचा नकाशा रांगोळीत काढला. मामा कौतुकाने वाकले. त्यांचं बोट नाशिकच्या वर फिरत फिरत रेषेबाहेर जाऊन थांबलं.

"विमल, डांग काढायचा राहिला गं."

"राहिला नाही, मामा. तो गुजरातेत गेला."

पेपरात ते केव्हाच येऊन गेलं होतं. पण मामा पेपर करंजांच्या मुळाशी ओल धरायला अंथरत, वाचत नसत. आणि त्यांना कोणीतरी सांगितलंच असेल, असं प्रत्येकाने धरलं होतं. मी म्हटलं, साग काही कुठे जात नाही, मामा, त्याची पानं पडायची तशी पडतील.

"पडतील," मामा म्हणाले. "पण उचलू नका म्हणून सांगायला तिथे आहे कोण?"

ते माझ्या गॅलरीत गेले. हाताला लागलं त्या गोणपाटातून त्यांनी मूठभर पाला काढला. ते कुठल्या झाडाचं, हे पाहिलंसुद्धा नाही. खाली येऊन त्यांनी तो रेषेच्या बाहेर, डांग असता त्या जागी ठेवला, आणि न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेआधी मी अंगण पुन्हा झाडलं. चिटणीस आले आणि रांगोळीकडे बोट दाखवून म्हणाले, तेवढा कचरा राहिलाय बघा.

"तो आपल्या हद्दीबाहेर आहे," मी म्हटलं. "माझी केरसुणी तिकडे चालत नाही." आणि मी प्रसादाच्या रव्याचं बघायला गेले.