जळक्या सुताचा वास

माझा थोरला भाऊ गुन्हेगार नव्हता, आजारी होता. हे वाक्य ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशी मी गिळलं, म्हणून आता म्हातारपणी लिहितोय. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या दयेने. अक्षर वाकडं आहे, तसंच राहील.

लालबागला आमची एक खोली. आई, दादा, मी आणि धाकटी बहीण. वडील आधीच गेलेले. दादा गिरणीत मागावर कापड विणायचा, मी सूतकताईच्या खात्यात. पण दादाला चाळ ओळखायची ती मृदंगासाठी. शनिवारी संध्याकाळी भजनाला तो मांडी घालून बसला, डाव्या पुडीला ओली कणीक लावली आणि छोट्या हातोडीने लाकडी गठ्ठे ठोकत मृदंग सुरात आणू लागला, की बायका हातातलं काम टाकून गॅलरीत यायच्या. पेटीवर त्याचा जिवलग दोस्त, शेजारच्याच खोलीतला. दोघांची सारखी जुंपायची.

"बुवा, तुझ्या पेटीला दमा झालाय रे. काढा पाज."

"आणि तुझा मृदंग माझ्यापेक्षा जास्त कणीक खातो, त्याचं काय? रेशनकार्डावर नाव घाल त्याचं."

दादा हसला की त्याचे खांदे हलायचे, आवाज यायचा नाही. ते खांदे मला अजून दिसतात.

मग ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. गिरणी सुटली की मोर्चा. मुंबई आपली, हे सांगायला आम्हाला कुणी पुढारी लागत नव्हता. मी पुढे घुसणारा, दादा मला आवरायला मागे येणारा. अशाच एका मोर्चात पोलिसांची काठी माझ्यावर उगारली गेली आणि दादा मधे आला. कानाच्या वर फुटलं. इस्पितळात गेलो तर नाव लिहून घेतील, या भीतीने आम्ही घरीच हळद दाबली. तीन दिवस तो झोपून होता. चौथ्या दिवशी उठला तेव्हा चाळीने त्याला ओवाळलं. मी तर येणाऱ्याजाणाऱ्याला केस बाजूला करून व्रण दाखवायचो. एवढी फुशारकी मी स्वतःच्या लग्नातसुद्धा मारली नाही.

चारपाच महिन्यांनी वास सुरू झाला. जेवताना घास हातात थांबायचा. "काहीतरी जळतंय रे. सूत जळतंय." चूल विझलेली असायची. मग त्याचे डोळे काचेसारखे व्हायचे, ओठ चघळल्यासारखे हलायचे, आणि क्षणाने तो परत यायचा. काही आठवायचं नाही. कधी ताट भिरकावलेलं असायचं, कधी बहिणीचा हात पिरगळलेला. तिचा लाल झालेला हात पाहून तोच विचारायचा, "बाय, कोणी केलं गं?" आधी वास, मग ते, हा क्रम फक्त मला कळला होता. खालच्या खोलीतली म्हातारी म्हणाली, गावच्या देवाचं राहिलंय, गाऱ्हाणं घाला. खात्यातला मुकादम म्हणाला, माजलाय. आई भांडी घासत राहिली. तिचा सख्खा भाऊ गावाला असाच होता. त्याला पडवीच्या खांबाला बांधून जेवण द्यायचे आणि लोकांना सांगायचे, देवाचा माणूस आहे.

त्या शनिवारी भजन रंगात होतं. मधेच दादाने हातोडी उचलली. मला वाटलं सूर उतरला. तो म्हणाला, "सूत जळतंय." मी समोर, टाळ हातात घेऊन. उठायला हवं होतं. उठेपर्यंत हातोडी पेटीवाल्याच्या डोळ्यावर बसली होती.

पोलिसांनी दादाला नेलं. हातोडीही नेली. पेटीवाल्याचा डावा डोळा गेला.

चळवळीतल्या एका वकिलाने पैसे न घेता काम घेतलं. गिरगावात त्यांच्या ऑफिसात मी आणि आई गेलो. त्यांनी सरळ विचारलं, "डोक्याला मार आहे, तो मी दाखवतो. पण तेवढ्याने भागायचं नाही. मारताना त्याला शुद्ध नव्हती, असं कधी आधी झालंय? घरात आणखी कुणाला असं होतं? सांगा, म्हणजे डॉक्टरी तपासणी मागतो. ठाण्याला जाईल, उपचार होतील. नाहीतर तुरुंग आहे."

ठाण्याला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात. बहिणीचं लग्न काळाचौकीला ठरत आलं होतं. पण सगळा दोष तिच्या लग्नावर टाकणार नाही. खरं कारण माझी मान. त्या दिवसांत तुरुंगात जाणं ही इज्जत होती. शेजारच्या चाळीतले चौघे तुरुंगातून आले तेव्हा त्यांना खांद्यावर घेतलं होतं, लेझीम होतं. आणि माझ्या भावाला, ज्याने चळवळीत डोकं फोडून घेतलं, त्याला मी वेडा म्हणवून घेऊ?

"आमच्यात वेडं कोणी नाही," मी म्हणालो. "आणि आधी असं काही झालेलं नाही. राग आला, मारलं. भोगेल शिक्षा."

वकिलांनी आईकडे पाहिलं. आईने पदर तोंडाला लावला. जिना उतरताना ती एवढंच म्हणाली, "माझ्या भावाचा नाव काढलंस नाय, बरा केलंस." तिच्या आवाजात बरं काही नव्हतं.

दोन वर्षांची शिक्षा झाली. कोर्टात सगळं वाचून दाखवलं तरी दादाला ते पटलं नाही. त्याने मनाशी ठरवून टाकलं की मोर्चासाठी धरलंय. भेटीला गेलो की विचारायचा, "झाला का रे महाराष्ट्र?" मी म्हणायचो, होतोय.

तो सुटला तेव्हा राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. चाळीवरची तोरणं वाळली होती, पण होती. मी दादरहून झेंडूचा हार आणला. दुसरं कोणी आलं नाही. तुरुंगाच्या फाटकाबाहेर मी हार घातला. दादाने फुलं हुंगली आणि तोंड बाजूला केलं. "जळकी आहेत रे." मग तिथेच, रस्त्यावर, त्याचे डोळे काचेचे झाले.

संध्याकाळी पेटीवाला आमच्या खोलीत आला. आईने दार अर्धं लावून धरलं होतं, त्याने ते हाताने सारलं. दादा त्याच्याकडे बघत राहिला, मग बोट त्या मिटलेल्या पापणीपर्यंत नेलं.

"बुवा, हे काय रे? कोणी केलं?"

पेटीवाला माझ्याकडे वळलासुद्धा नाही. "जिन्यावरून पडलो. तू नव्हतास ना, धरणार कोण?" आणि मग, "चल, मृदंग काढ. माझी पेटी दोन वर्षं उपाशी आहे."

हातोडी परत मिळाली नव्हती. दादाने वरवंट्याने गठ्ठे ठोकले. सूर लागला नाही, तरी वाजवलं.

गिरणीने त्याला परत घेतलं नाही. पुढच्या वर्षी एका दुपारी मी पाळीवर, आई नळावर. दादा उठला, शेजारणीला म्हणाला, "सूत जळतंय, बघून येतो." चप्पल न घालता गेला. वडाळ्याच्या मिठागरांपर्यंत शोधलं, माहीमच्या खाडीपर्यंत शोधलं. पेटीवाला एका डोळ्याने माझ्याबरोबर सगळीकडे फिरला. दादा मिळाला नाही. मृदंग आहे. पुड्या सैल झाल्यात. कणीक कुणी लावत नाही.

गेल्या वर्षी माझी नात जेवता जेवता थांबली. "आजोबा, काहीतरी जळतंय." गॅस बंद होता. तिचे ओठ हलायला लागले तसा मी ताटावरून उठलो. या वेळी वेळेवर उठलो. तिला धरून ठेवलं, आणि त्याच दुपारी परळला इस्पितळात नेलं. मुलगा म्हणत होता उद्या जाऊ. मी ऐकलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास?"

माझा मुलगा पटकन म्हणाला, "छे, आमच्यात कोणाला नाही." पोरीची पुढच्या महिन्यात सुपारी फुटायची होती.

"आहे," मी म्हणालो. "माझा मामा. आणि माझा थोरला भाऊ." मुलाने माझा हात दाबला. मी हात सोडवून घेतला आणि सगळं सांगितलं. वास, डोळे, ओठ, हातोडी. बाहेर रांग होती. बाईंनी मधे थांबवलं नाही, लिहून घेतलं. म्हणाल्या, ही फिटच आहे, मेंदूतली. भावाची काठीच्या मारानेही आली असेल, मामाचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही. पण सांगितलंत ते बरं. नात गोळीवर चांगली राहील.

"ही गोळी तेव्हा होती का?" मी विचारलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हीच नाही. पण औषधं होती, आजोबा."

ज्या घरी सुपारी फुटायची होती तिथे मी स्वतः जाऊन सांगितलं. मुलगा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. ते घर अजून काही बोललेलं नाही. नात म्हणते, नाही बोलले तर नाही. रोज संध्याकाळी ती गोळी घेते, मी समोर बसतो. घेतली का, असं विचारत नाही, नुसता बघतो. परवा तिने विचारलं, "दादाआजोबा वाजवायचे कसे?" मी मृदंग खाली काढला. डाव्या पुडीला कणीक लावून दाखवली. पुढचं मला येत नाही.