पाच हात पाणी

आमच्या गावच्या तलावात, पाणी सोडायच्या दाराशी, एक उभा दगड आहे. त्यावर हात-हात अंतरावर खाचा पाडलेल्या आहेत, खालून वर एकपासून नऊपर्यंत. पाण्याच्या पाळ्या लावायचे काम गावाने माझ्याकडे दिले तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. त्यानंतर सात वर्षे मी रोज सकाळी तो दगड वाचला आणि एका बोटानेही कधी चुकलो नाही. हे मोठेपणासाठी लिहीत नाही. पुढे जे झाले ते चुकीच्या वाचनाने झाले नाही, एवढे कळावे.

तलाव जुना, गाळ कधी काढलेला नव्हता. खालच्या तीन खाचा माझ्या जन्माआधीच गाळात गेल्या होत्या. म्हणजे पाणी पाचव्या खाचेला असले की खरे पाणी दोन हात. पण गावात कोणी दोन म्हणत नसे. सगळे दगडाचाच आकडा बोलत. ‘तिनावर आला’ म्हणजे तलाव आटला, हे लहान पोरांनाही ठाऊक होते. वजाबाकी जो तो मनात करी, आणि आपण ती करतो हेही विसरून गेला होता.

गावची गुरे राखणारा गायकी माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. त्याच्याकडे एकशे चौसष्ट गुरे होती. दर जनावरामागे घराघरांतून त्याला ठरलेले धान मिळे, त्यावर त्याचे घर चाले. सकाळी आखरावर, म्हणजे गुरे जमायच्या मोकळ्या जागी, मी दिसलो की तो विचारी, “भाऊ, दगड काय म्हणते जी?” मी आकडा सांगे. मग तो गुरे हाकी. उन्हाळ्यात त्याचा सगळा हिशोब त्या आकड्यावर असे.

आमच्याकडे मोहाची फुले गळायला लागली की झाडाखालचा पाला जाळतात. जमीन साफ झाली की फुले वेचता येतात. त्या वर्षी अशीच कुठली तरी आग वाऱ्याने डोंगरावर गेली. चार दिवस जंगल जळले. चौथ्या दिवशी दुपारी ती डोंगराखालच्या टोलीत, म्हणजे लहान वस्तीत, उतरली. अडतीस घरांपैकी एकतीस जळाली. छपरे सगळी गवताची होती. एक म्हातारी आणि सहा बैल गेले. विहिरीत राख आणि जळके वासे पडले.

दुसऱ्या दिवशी मिलिटरी आली. सात ट्रक, साठ-पासष्ट जवान, एक मोठा पंप. आमच्या शाळेच्या पटांगणावर त्यांनी तंबू ठोकले, टोलीतल्या लोकांना आणून ठेवले, भाजलेल्यांना पट्ट्या बांधल्या, डाळभात शिजवला. जंगलाच्या कडेने चर खणला. आग दिसायला विझली होती, पण मोठी खोडे आतून धुमसत होती आणि दुपारी वारा सुटला की पुन्हा पेटत होती. त्यांना पाणी हवे होते.

त्यांचे साहेब तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आले. तरुण होते, डोळे धुराने लाल झालेले. सरपंचांनी मला पुढे केले. “हा आमचा पाण्याचा माणूस आहे जी. याले सगळं पाठ आहे.”

“पानी कितना है?” साहेबांनी विचारले.

“पाँच हाथ, साहब. पूरा पाँच,” मी म्हणालो. एक बोट कमी नाही, जास्त नाही, हे सांगायचे होते म्हणून ‘पूरा’ म्हणालो.

त्यांनी कागदावर पाच लिहिले. तलावातल्या पाण्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजली, पंपाचा हिशोब मांडला आणि मला दाखवला. रोज अर्धा हात उपसायचा, चार दिवस. “दो हाथ हम लेंगे। तीन हाथ आपके जानवरों के लिए छोड़ेंगे। बारिश तक चलेगा?”

मी बेरीज तपासली. बरोबर होती. “चलेगा साहब,” म्हणालो. मला एवढेच दिसले की मोठा माणूस गुरांचा विचार करतो आहे. त्याचे तीन हात कोणते, हे माझ्या डोक्यात आलेच नाही. आकड्यांना आकडे जुळले की मला समाधान वाटते. तो माझा स्वभाव आहे.

पंप सुरू झाला. गायकी पाळीवर बसून बघे. एका संध्याकाळी जवान तलावावर आंघोळीला आले, तेव्हा तो म्हणाला, “एका अंगाले तीन बादल्या अन् वरून साबण! आमची म्हैस लाजून बाहेर आली नं भाऊ.” आम्ही हसलो. टोलीतल्या लोकांसमोर आठवड्यात पहिल्यांदा कोणी हसले असेल.

त्या तीन दिवसांत मी दगड वाचला नाही. शिबिरात धान्य वाटायला मोजणारा माणूस हवा होता, मी तिथे होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी गायकी पळत आला. “चला लवकर. दोन गाई रुतल्या. पाणी नाही जी, चिखल आहे नुसता.”

मी गेलो. दगड साडेतीन म्हणत होता. तेव्हा पहिल्यांदा मी ती वजाबाकी तोंडाने केली.

साहेबांना सांगितले. त्यांनी बांबू मागवला, स्वतः पाण्यात उतरले. बांबू आधी अर्धा हात पाण्यात गेला, मग मऊ गाळात खाली खाली जात राहिला. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, “आपने पाँच कहा था।”

“दगडावर पाचच होते, साहब.”

त्यांनी तिथेच पंप बंद केला. कागदावरचे पाच खोडून त्यांनी दोन लिहिले. शिबिराचे पाणी पुढे नदीवरून टँकरने आणले. दहा दिवसांनी त्यांना परतीचा हुकूम आला. आग विझली होती, टोलीत बांबूचे सांगाडे उभे राहिले होते. त्यांनी केले ते चांगलेच केले. जाताना साहेबांनी माझा हात हातात घेतला.

मृगाला अजून पावणेदोन महिने होते. दोन हात पाण्यात आमचा उन्हाळा दरवर्षी जेमतेम निघे. अर्धा हात आठवड्यात गेला. तीन विहिरी माणसांना पुरत. गुरांना रोज चारशे बादल्या लागत, त्या कुठून येणार? लोकांनी गुरे सोयऱ्यांकडे पाठवली, सिहोऱ्याच्या बाजारात मिळेल त्या भावाने विकली. सत्तावीस गावातच मेली. त्यांत माझा एक बैल होता.

सरपंच म्हणाले, “तुयी काही चूक नाही बाबू. पाच होते तर पाच सांगतले.” गायकी तिथेच उभा होता. तो म्हणाला, “तुमी दगडाले इचारलं भाऊ, गुरायले नाही इचारलं.”

पावसाळ्यात तलाव सातव्या खाचेपर्यंत भरला. आखरावर एकसष्ट गुरे जमली. तेवढ्या धानात गायकीचे घर चालत नव्हते. दिवाळीनंतर तो बायको-मुलांसह वरठीकडे मजुरीला गेला. जायच्या आधीचे ते चार महिने आम्ही रोज सकाळी आखरावर समोरासमोर येत होतो. त्याने मला दगडाचे एकदाही विचारले नाही. मी आपणहून आकडा सांगे. तो ऐकून घेई आणि तरीही हातातली काठी घेऊन तलावात उतरे, टोक गाळाला लागेपर्यंत रोवे, वर काढून ओल किती चढली ते बघे, आणि मग गुरे हाकी.

मी दगडावर नव्या खाचा पाडायचे सुचवले, गाळाच्या वरून एकपासून. गाव म्हणाले, आजोबा-पणजोबांच्या वेळचा दगड आहे, राहू दे. पाण्याचे काम मी त्या वर्षी सोडले. आता दुसरा माणूस आहे. तोही दगडाचाच आकडा सांगतो.