ह्यांचं पंक्चर

शेवटच्या दिवशी ट्रक चालवता चालवता मधेच ह्यांचा फोन आला, "पुन्हा पंक्चर झालंय, उशीर होईल." मी म्हटलं, "अहो, सगळे टायर नवे घातलेत ना? की रस्त्यावरचे सगळे खिळे तुमचीच वाट बघत असतात?" हे हसले. थोड्या वेळानं छातीत जोरात कळ आली आणि तिथंच गेले.

तेव्हा गाडीत शेजारी चष्मेवाले होते. बाजारात चष्मे विकणारा माणूस. ह्यांनी एकदा रस्त्यात उभं बघून गाडीत घेतलं, ना ओळख ना पाळख, मग दर आठवड्याला बरोबरच. मला मात्र कधी म्हणाले नाहीत, चल, बस गाडीत.

सगळं आटपल्यावर चष्मेवाले घरी आले. खाली बघून म्हणाले, "वहिनी, पंक्चर कधीच नव्हतं. छातीत दुखलं की ते गाडी बाजूला घ्यायचे आणि तुम्हाला पंक्चर सांगायचे. तुम्ही घाबराल म्हणून."

"मग तुम्हाला कसं सांगितलं?"

"मी परका ना. माझ्यापुढं रडलं तरी चालायचं."

एवढा संसार केला, माझ्यापुढं कधी डोळ्यात पाणी आणलं नाही. दोघं मिळून मला वेड्यात काढत होते आणि मी त्या टायरवाल्याशी जाऊन भांडून आले होते!

चष्मेवाले उठले. "येतो वहिनी."

मी दाराला आतून कडी घातली. म्हटलं, "बसा. पहिल्यांदा कधी दुखलं, तिथून सांगा. सगळं सांगितल्याशिवाय जायचं नाही."