न भरलेला स्टोव्ह

मी शाळेत शास्त्र शिकवतो. जळायला काही असल्याशिवाय काही जळत नाही, हे दर वर्षी नव्या मुलांना फळ्यावर लिहून देतो. कुणी अमानवी गोष्टी सांगू लागलं की मी पुस्तक उघडून बसायचो. त्यामुळे हे लिहायला फार वेळ लागला. पण गेल्या महिन्यात आई गेली, आणि तेराव्याला घरी जे बोलणं झालं, त्यानंतर गप्प राहवेना.

आमचं गाव कुंडलजवळ. घरचा ऊस, आणि घरातला एक तरी माणूस पलटणीत. मी नोकरीमुळे साताऱ्याला. थोरला भाऊ, म्हणजे दादा, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. लढाई संपता संपता त्याच्याबद्दल सरकारी कागद आला — बेपत्ता. मेला असंही नाही, जिवंत असंही नाही.

मी मनातून त्याला पोचवलं होतं. आईनं नाही.

“कागदात मेला म्हून लिवलंय का? न्हाई न्हवं? मग गप बसा!”

वहिनी, दादाची बायको, तेव्हा बावीस वर्षांची होती. सातवीची फायनल पास झालेली. तिचा भाऊ सांगलीला एका दवाखान्यात कंपाउंडर. त्यानं खटपट करून तिला नर्सचं शिक्षण घ्यायला जागा मिळवली होती, आणि ती जागा काही फार दिवस राहणार नव्हती. आई सोडेना. “ल्योक दारात आला आन् बायकू सांगलीत? काय तोंड दावू त्याला?” वहिनी उलटून बोलत नसे. रोज कुंकू लावायची, आणि भावाच्या चिठ्ठ्या उशाखाली ठेवायची.

लढाई संपल्यानंतरच्या चैत्रात आईनं ठरवलं, देवालाच विचारायचं. आमचा देव पाटणच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर. सगळा काळा कातळ. चुलीला काटकी मिळत नाही. आणि दुपारचा चहा चुकला की आईचं डोकं उठायचं. म्हणून मी स्टोव्ह करायला घेतला.

ती दादाची युक्ती. पलटणीत शिकलेला. शेवटच्या रजेत आम्ही दोघं कोयनेकडच्या डोंगरांत भटकलो, तेव्हा त्यानं मला दाखवली होती. सिगारेटचे दोन गोल डबे घ्यायचे, कातरीनं त्यांचे बुडाकडचे भाग कापायचे, एकात एक घट्ट बसवायचे आणि कडेनं दाभणानं बारीक भोकं पाडायची. मध्ये स्पिरिट ओतायचं. ते तापलं की भोकांतून ज्योती निघतात. सगळा संसार एका मुठीत मावतो. आई तेव्हा हसली होती, “सरकार एवढा पगार देतंय आन् ह्यो डबड्यावर चा करतोय!”

माझी भोकं वाकडी पडली. पेटवून बघायची सोय नव्हती. स्पिरिट सहज मिळत नसे. वहिनीच्या भावानं एकच बाटली दिली होती, बुचावर लाखेचं सील घालून.

कराडपर्यंत रेल्वे, पुढं सर्व्हिस मोटार, मग चढण. वर पोचलो तेव्हा ऊन टळटळीत होतं. आई देवळाच्या पायरीवर पाय चोळत बसली. मी टाक्यातून पाणी आणायला गेलो. परत आलो तर वहिनीनं तीन दगडांच्या आडोशाला स्टोव्ह मांडून ठेवला होता. मला वाटलं, भरलाय. मी काडी ओढून आत धरली. भप् असा आवाज झाला आणि हाताला धग लागली. उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही, ते मला माहीत होतं. दिसली नाही म्हणून काही वाटलं नाही. पाणी उकळलं. गुळाचा कोरा चहा झाला. आई दोन वेळा प्याली.

निघताना सामान भरू लागलो. पिशवीतून बाटली काढली तर काठोकाठ. लाख जशीच्या तशी.

“वहिनी, दुसरी बाटली होती का?”

“नाही की. का?”

“मग स्टोव्ह कशातनं भरलात?”

“मी कुठं भरला? मला वाटलं, तुम्ही घरनंच भरून आणलाय.”

आईनं माझ्या हातातून बाटली घेतली. किती तरी वेळ ती त्या लाखेवरून बोट फिरवत राहिली.

“त्यो हुता हितं,” ती म्हणाली.

“आई, डब्यात काहीतरी राहिलं असंल.”

“नवाच डबा न्हवं? माझ्यासमोर केलास की.” मग अगदी हळू म्हणाली, “जिता आसता तर दारातनं आला आसता, सदा. हाक मारून. भूक लागली म्हून. आसं डबडं पेटवाया कशाला आला आसता?”

थोड्या वेळानं वहिनीकडं न बघता म्हणाली, “पोरी, तू जा सांगलीला. शीक.”

डोंगर उतरेपर्यंत आई रडली नाही. पाटणच्या मोटारीत बसल्यावर मात्र तिला आवरता आवरेना. देवाला कौल लावायचा राहूनच गेला.

वहिनीनं कुंकू पुसलं. शिकली, नर्स झाली. आणि मी मनाशी एक समजूत करून घेतली — हे वहिनीनंच केलं. भावाकडून आणखी थोडं स्पिरिट घेतलं असेल, गुपचूप ओतलं असेल. मला राग आला नाही. ती किती कोंडली होती, मी पाहिलं होतं. म्हणून तिला पुन्हा कधी विचारलं नाही. त्या वेळी स्पिरिटचा वास आला होता का, हे मात्र कितीदा तरी आठवून पाहिलं. आठवत नाही.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर आम्ही दोघंच सोप्यात बसलो होतो. वहिनी म्हणाली, “भावजी, आता आई नाहीत. एक सांगा. माझ्यासाठीच केलंत ना ते?”

“काय?”

“स्टोव्ह. तुम्हीच भरून आणला होता. मी सुटावं म्हणून. इतकी वर्षं मनात तुमचे उपकार मानत आले मी.”

“वहिनी, मी तर समजत होतो, तुम्ही…”

“मी?” ती एकदम ताठ बसली. “तुमच्या गळ्याशपथ, मी डब्याला हात लावला तो फक्त मांडायला. तो हलका होता, भावजी. रिकामा असल्यासारखा. मला वाटलं, स्पिरिट हलकंच असतं.”

मीही शपथ घेतली. तिनं मान हलवली, पण तिचा विश्वास बसला की नाही ते कळलं नाही. तिच्या शपथेवर माझा तरी पुरता बसला आहे का? ती खरं बोलत असेल तर दादा त्या दुपारी तिथं होता, आणि तो गेला आहे. ती खोटं बोलत असेल, तर आम्ही एका कप चहावरून त्याला मारून टाकलं… सरकारचा दुसरा कागद अजून आलेला नाही.

दिवेलागणीला ती उठली. दारापर्यंत गेली आणि थांबली.

“मग मी कुंकू पुसलं ते कशावरनं, भावजी?”

वाचकांपैकी कुणाला उत्तर सुचलं तर मला नको, तिला कळवा.