गायकवाड मास्तरांचे पाहुणे

केबिनमध्ये शिरल्या शिरल्या गायकवाड मास्तरांनी मला "जय भीम" केला. मग माझ्या बाजूच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून तिथेही मान लववली.

"कोण आहे तिथे, मास्तर?" मी विचारलं.

"बाई आहेत एक. मला वाटलं तुमच्याच स्टाफच्या."

"माझ्याबरोबर कुणी नाही."

"मग आमच्याच मागनं आल्या असतील," असं म्हणून ते सावकाश खुर्चीत टेकले.

मी तेव्हा अंबरनाथ पूर्वेला मानसोपचाराची प्रॅक्टिस करत होतो. मास्तर उल्हासनगरचे. एका पँटच्या कारखान्यात कटिंग मास्टर म्हणून त्यांनी उभी हयात काढली. कारखाना सुटला आणि पुढे पार्किन्सन जडला. पार्किन्सन म्हणजे कंपवात. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं. हात थरथरतात, अंग आखडतं, पावलं लहान होतात. डोपामिन भरून काढणाऱ्या गोळ्यांवर माणूस हिंडता-फिरता राहतो. पण काही वर्षांनी काहींना नसलेली माणसं दिसायला लागतात, नाही नाही ते संशय येतात. थोडं दुखण्यामुळे, थोडं गोळ्यांमुळे. याला आम्ही सायकोसिस म्हणतो.

मास्तरांबरोबर त्यांची मुलगी सुनीता आली होती. ती बदलापूरला दिलेली. तिने सगळं सांगितलं. सुरुवातीला घरात फक्त पाहुणे येत. लुगड्यातल्या बायका, एक टोपीवाला माणूस. बोलत कुणीच नसत, नुसते कॉटवर बसून राहत. मास्तर बायकोला, म्हणजे शेवंताबाईंना, चहा ठेवायला सांगत.

"आणि आई ठेवायची?"

"ठेवायची. मग सगळा स्वतःच प्यायची. म्हणाली, वाद कोण घालणार?"

इथवर निभत होतं. मग मास्तरांच्या डोक्यात बसलं की शेवंताबाईंनी आपल्याला न विचारता आतली खोली या लोकांना भाड्याने दिली. एका दुपारी त्या भाजी घेऊन आल्या, तर मास्तरांनी आतून कडी लावलेली. संध्याकाळपर्यंत त्या शेजारच्या सिंधी भाभींकडे बसून होत्या. नंतर एका डॉक्टरांनी शांत करायचं इंजेक्शन दिलं. त्याने मास्तर लाकडासारखे ताठ झाले, पाणीसुद्धा गिळता येईना. त्यातून सावरायला बरेच दिवस गेले.

"आता आई म्हणते, मी तुझ्याकडे येते, यांचं तुम्ही बघा," सुनीता म्हणाली. "माझ्याकडे दोघांना ठेवायला जागा नाही. आणि वेडाचं औषध आम्हाला परत नको, डॉक्टर."

शेवंताबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. मास्तर त्यांच्याशेजारी बसायला तयार नव्हते, म्हणून त्या आत आल्या नाहीत. मीच बाहेर गेलो.

"काकू, तुमच्या बिल्डिंगला पाणी जांभूळच्या फिल्टर प्लँटवरून येतं ना?"

"येतं. वरच्या मजल्यावर चढत नाही."

"तसंच आहे. मास्तरांच्या मेंदूत एका मजल्यावर डोपामिन चढत नाही, म्हणून हातपाय आखडतात. गोळ्यांनी आपण प्रेशर वाढवतो. मग दुसऱ्या मजल्यावर जास्त होतं. तिथे हे पाहुणे दिसतात. त्या इंजेक्शनने सगळ्या बिल्डिंगचाच कॉक बंद केला."

काकूंनी विचारलं, "म्हणजे हे मुद्दाम नाही करत?"

"नाही."

"मग माझ्यावरच का संशय?"

जे माणूस सगळ्यात जवळ असतं त्याच्यावरच संशय येतो, एवढंच बघत आलो होतो. तसं सांगितलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "महिनाभर थांबते. पुढचं पुढे."

मला मुदत मिळाली.

आधी लघवीची आणि रक्ताची तपासणी करून घेतली. म्हाताऱ्या माणसाला लघवीत इन्फेक्शन झालं किंवा अंगातलं मीठ कमी झालं, तरी असे भास होतात. रिपोर्ट नॉर्मल आले. मग सुनीताला औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावली. त्यात डोपामिनच्या मुख्य गोळीशिवाय थरथर कमी करणारी एक जुनी गोळी होती. थरथरीला ती बरी, पण उतारवयात डोक्यात गोंधळ घालते. शिवाय मास्तरांनी झोपेसाठी मेडिकलमधून स्वतः आणलेली सर्दीची गोळी. तिचीही तीच सवय.

सर्दीची गोळी तिथल्या तिथे बाजूला काढली. जुन्या गोळीसाठी मास्तरांच्या ठाण्याच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन लावला. ते मला बरेच सीनियर.

"मुख्य गोळीला हात लावायचा नाही," ते आधीच म्हणाले. "माझा पेशंट जागेवर बसेल."

"नाही लावत, सर. पण ती थरथरीची?"

"ती मीच वाढवली. घरचे म्हणाले, चहा सांडतो."

"आता सांडत नाही, सर. पण कप चार-पाच लागतात."

ते हसले. "काढ. पण एकदम नको, हळूहळू उतरव."

गोळी उतरवली तशी लुगड्यातल्या बायकांची ये-जा कमी झाली. हात जरा जास्त थरथरू लागला, पण चालणं तसंच राहिलं. संशय मात्र जाईना. टोपीवाला भाडेकरू खोली सोडायला तयार नव्हता.

आता वेडाची गोळी देणं भाग होतं. नेहमीच्या गोळ्या डोपामिन अडवतात, त्या पार्किन्सनमध्ये चालत नाहीत. चालतील अशी दोन-तीनच औषधं आमच्याकडे होती. एक खात्रीचं, पण त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होण्याची भीती, म्हणून सतत रक्त तपासावं लागतं. दुसरं क्वेटियापिन, सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, पण अंग फारसं आखडत नाही. मी दुसऱ्यापासून सुरुवात केली, रात्री अर्धी गोळी.

"परत लाकूड झाले तर?" सुनीताने विचारलं.

"माझा मोबाइल नंबर घे. जरा जरी ताठ वाटले तरी फोन कर. आणि सकाळी त्यांना झटकन उठू देऊ नका, चक्कर येईल."

काकूंना एक काम दिलं. कुणी नाही असं म्हणून भांडायचं नाही, आणि आहे असंही म्हणायचं नाही. तुम्हाला दिसतंय, मला दिसत नाही, एवढंच सांगायचं.

"आणि चहा?"

"दोघांपुरता."

पहिला आठवडा मी फोन वाजला की दचकायचो. सुनीताचा फोन आला, पण तो बाबा सकाळी उशिरापर्यंत झोपतात हे सांगायला. गोळीची वेळ जरा अलीकडे आणली. पुढे थोडी वाढवली.

महिना संपता संपता दोघं आली. या वेळी काकू आत आल्या. मास्तर त्यांच्याच खांद्याला धरून चालत होते.

"भाडेकरू?" मी विचारलं.

"गेला," मास्तर म्हणाले. मग काकूंकडे न बघता म्हणाले, "हिला मी घराबाहेर ठेवली, असं पोरगी सांगते. मला सगळं आठवत नाही. पण केलं असेल तर ते चूक."

काकू मलाच म्हणाल्या, "घरी पण हेच बोलले. दोनदा."

"आणि बाकीचे पाहुणे?"

"एक लहान पोरगी येते कधी कधी," मास्तर म्हणाले. "फ्रीजपाशी बसते. ती खरी नाही, मला कळतं. त्रास काही देत नाही."

मी गोळी आणखी वाढवण्यासाठी पेन उचललं.

"राहू दे हो," काकू म्हणाल्या. "ती चहा मागत नाही."

मी पेन खाली ठेवलं. मास्तर मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "डॉक्टर, पँट कुठे शिवता? सीटमध्ये झोल आहे."

तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुढची काही वर्षं मास्तर त्याच घरात, काकूंबरोबर राहिले. दुखणं वाढत गेलं, गोळ्यांची ओढाताण चालू राहिली, पण दाराला आतून कडी पुन्हा लागली नाही.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की भास पूर्ण थांबले म्हणजे उपचार झाला. या आजारात तो हट्ट धरला तर पेशंट खुर्चीतून उठत नाही. कुठे थांबायचं हे पुष्कळदा घरच्या माणसाला जास्त नेमकं कळतं. बाकी माझी पँट खरंच बिघडली होती. टेलर बदलला.