बाळकृष्णाला नायिका व्हायचं होतं

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले दिवस. काळाचौकीच्या आमच्या चाळीने गणपतीत नाटक बसवलं होतं. नायक मी, कारण तालमीची खोली माझ्या काकांची. बायकांच्या कामासाठी तेव्हा बाहेरून नटी आणत. त्या बाई आल्या, चपला कोपऱ्यात नीट जोडून ठेवल्या आणि मला विचारलं, "नायिकेचं काम ना?"

"नाही, माझ्या आईचं," मी म्हणालो. त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान होत्या.

पण लहानपणी बोलपटात त्या बाळकृष्ण झाल्या होत्या आणि लोकांनी पडद्यापुढे नारळ फोडले होते. त्यांचा हात मी प्रेमाने धरला असता, तर चाळीने मला धरून बडवलं असतं.

"सहाव्या वर्षापासून काम करतेय," त्या थकून हसल्या. "म्हातारी व्हायला तसा उशीरच झाला."

प्रयोगाच्या दिवशी माझी खरी आई रंगपटात शिरली आणि थेट त्यांच्या पायांशी वाकली. केसांना पांढरी पावडर लावता लावता त्यांनी पाय मागे घेतले.

"नमस्कार नका हो करू, आई. त्यानेच माझी कामं जातात."

आईला काही कळलं नाही. मला कळलं, पण मी मिशी चिकटवत राहिलो.