मोटर न बसवणारा मिस्त्री

द्वारका चौकातल्या उड्डाणपुलाखाली बसणाऱ्या त्या सायकल मिस्त्रीचं नाव मी विचारलं नाही, आणि आता तर मुळीच विचारणार नाही.

सायकलला बॅटरीवरची मोटर बसवून घ्यायला गेलो होतो. अंबडला कामावर मी रोज सायकलने जातो, आणि जोरात जातो. परवा माझा घामेजलेला शर्ट बघून साहेबांनी सगळ्यांसमोर नाक मुरडलं. स्वतः एसी गाडीतून येतात, त्यांना कसला घाम!

मिस्त्रीने सायकलकडे पाहिलंसुद्धा नाही. नुकताच आलेला चहाचा ग्लास शेजारी ठेवला आणि म्हणाला, "त्या पेट्रोल पंपापर्यंत सायकलवर जाऊन या."

मी गेलो, आलो. त्याने ग्लासला बोट लावून पाहिलं. चहा अजून कढतच होता.

"नाय बसवणार. पंचवीसच्या स्पीडपुढं ही मोटर आपोआप थांबते. तुम्ही त्याच्या वर पळता. मग ती तुम्हाला नाय, तुम्हीच तिला ओढणार."

"अहो, घाम येऊ नये म्हणून तर हवीय! हळू जाईन मी."

तो पहिल्यांदाच हसला. "तुम्ही? हळू? मोटर लावा नायतर नका लावू, घाम तेवढाच येणार."

माझं डोकंच फिरलं. आलेल्या गिऱ्हाइकाचा स्वभाव काढायचा याला काय अधिकार? "हळू जातो की नाही, बघाच!" असं ओरडून मी निघालो.

मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबलो, तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि वाटेत मागे टाकलेली रिक्षा आत्ता कुठे येत होती.